गणिताची चालती पाने आणि ब्राउझरची तयारी

संवादी गणिती पान म्हणजे वाचकाने हात लावताच बदलणारे पान. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला की तिन्ही कोनांची मापे बदलतात, बेरीज मात्र १८० अंशच राहते. वर्गसमीकरणातील सहगुणक सरकपट्टीने वाढवला की अन्वस्त अरुंद होत जातो. रिकाम्या चौकटीत दोन ओळींची आज्ञा लिहून चालवली की तिच्याखाली आलेख उमटतो. ही पाने ब्राउझरमध्ये उघडतात आणि ती नीट चालणे ब्राउझरच्या तीन अंगांवर अवलंबून असते: सूत्रे मांडणारा भाग, आकृती रेखाटणारा भाग आणि जावास्क्रिप्ट चालवणारा भाग. यांतील एक अडला तरी उरलेले दोन चालत राहू शकतात. म्हणूनच 'सूत्रे दिसतात पण आकृती हलत नाही', 'आकृती हलते पण वर्गमूळाचे चिन्ह तुटके दिसते' अशा अर्धवट तक्रारी शाळा-कॉलेजांच्या संगणक खोल्यांत ऐकू येतात. कोणती तक्रार कोणत्या अंगाची, हे ओळखता आले की निम्मे काम झाले.

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील नंदगडसारख्या गावात या तयारीला आणखी एक अट पडते. खानापूर तालुक्याचा पश्चिमेकडचा भाग सह्याद्रीच्या जंगलाचा आहे. मलप्रभा नदी याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि पावसाळ्याचे चार महिने इथे पाऊस कोसळत असतो. या दिवसांत लाईट जाते, मोबाइलची रेंज येते-जाते. गणित मात्र पावसासाठी थांबत नाही. इथून मराठी माध्यमात शिकून बेळगावला इंजिनिअरिंगला जाणाऱ्या विद्यार्थ्याला विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षीच गणिताबरोबर संगणकावरची प्रात्यक्षिकेही करावी लागतात. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्रात बालभारतीच्या नववी-दहावीच्या गणिताच्या पुस्तकांत जिओजेब्रा या हलत्या आकृत्यांच्या साधनात आकृती काढून पाहण्याच्या सूचना छापलेल्या आहेत. तेव्हा चालत्या पानांची गरज दोन्हीकडे सारखीच आहे. नेटची खात्री नसलेल्या ठिकाणी रीत एकच उपयोगी पडते: चांगल्या नेटवर एकदा सगळी तयारी पूर्ण करायची आणि पुढचे काम शक्य तितके संगणकाच्या डिस्कवरूनच चालेल असे पाहायचे.

कोणता ब्राउझर घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांत बदलले आहे. वेबची कल्पना १९८९ मध्ये सर्न या भौतिकशास्त्राच्या संस्थेत मांडली गेली, तरी वेबच्या पानावर सूत्र लिहिण्याची धड सोय पुढे बरीच वर्षे नव्हती. १९९५ च्या एचटीएमएल ३.० च्या मसुद्यात गणिताची तरतूद होती, पण तो मसुदाच मागे पडला. लोक सूत्राचे चित्र करून पानावर चिकटवत. अक्षरे मोठी केली की ती चित्रे फाटल्यासारखी दिसत, आणि दृष्टिहीन वाचकाला त्यांतून काहीच मिळत नसे. एप्रिल १९९८ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संघटनेने मॅथएमएल ही सूत्रलेखनाची भाषा मान्य केली. तिच्यात अपूर्णांक, घात, मूळ, सारणी यांची रचनाच लिहिली जाते आणि ती कागदावरच्यासारखी मांडण्याचे काम ब्राउझरवर सोपवले जाते.

हे काम सर्वांत आधी मनावर घेतले ते मोझिलाच्या स्वयंसेवकांनी. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाचे रॉजर सिजे त्यांत अग्रभागी होते. त्यामुळे फायरफॉक्स हा बराच काळ गणितवाल्यांचा ब्राउझर राहिला. इंटरनेट एक्सप्लोररला मॅथप्लेअर नावाचा जोडभाग वेगळा बसवावा लागे. २०११ मध्ये सफारीत मॅथएमएल आले. क्रोममध्ये जानेवारी २०१३ च्या २४ व्या आवृत्तीत ते आले आणि लगेच पुढच्याच आवृत्तीत काढून टाकले गेले. तिथून दहा वर्षे जगातला सर्वाधिक वापरातला ब्राउझर सूत्रांच्या बाबतीत मुका होता. ही पोकळी भरून काढली मॅथजॅक्सने. २०१० मध्ये आलेले हे जावास्क्रिप्ट साधन लेखकाने लाटेक या सूत्रलेखनाच्या पद्धतीत लिहिलेले सूत्र वाचकाच्या ब्राउझरमध्येच मांडून दाखवते. अखेर स्पेनमधील इगालिया या कंपनीच्या प्रोग्रॅमरांनी क्रोमच्या पायातच मॅथएमएल नव्याने बसवले आणि जानेवारी २०२३ मध्ये क्रोमच्या १०९ व्या आवृत्तीबरोबर ते सर्वांपर्यंत पोहोचले. एजचा पाया तोच असल्यामुळे त्यालाही ते मिळाले.

जुन्या संगणकांच्या दृष्टीने हा आकडा फार मोलाचा आहे. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्तीही १०९ हीच आहे. अनेक शाळांत देणगीतून आलेले, विंडोज ७ चे संगणक अजून चालू आहेत. त्यांच्यावरचा क्रोम १०८ किंवा त्याआधीचा असेल तर मॅथएमएलची सूत्रे एका ओळीत सांडलेल्या आकड्यांसारखी दिसतात. १०९ बसवला की तीच सूत्रे सरळ होतात. त्याच संगणकावर फायरफॉक्स हवा असेल तर ११५ ही दीर्घकालीन आधाराची आवृत्ती शेवटची. असे संगणक नेटशी जोडून बँकेचे व्यवहार करण्याच्या लायकीचे राहिलेले नाहीत, पण गणिताची पाने डिस्कवरून उघडायला ते अगदी पुरेसे आहेत आणि भंगारात घालण्याचे काही कारण नाही.

जुन्या मार्गदर्शिकांतील एक सूचना मात्र आता सोडून द्यावी: 'आधी जावा बसवा.' एके काळी हलत्या आकृत्या जावाच्या छोट्या प्रोग्रॅमांतून येत. ऑस्ट्रियात साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेले जिओजेब्राही आरंभी जावातच होते. सप्टेंबर २०१५ च्या ४५ व्या आवृत्तीपासून क्रोमने आणि मार्च २०१७ च्या ५२ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सने असे जोडभाग बंद केले. आजची जिओजेब्राची पाने जावास्क्रिप्टवर चालतात. जावा मागणारे पान कितीही चांगले असले तरी ते उघडण्यासाठी ब्राउझरशी झगडण्यात अर्थ नाही. त्याची नवी आवृत्ती शोधावी.

बसवण्याच्या कामात पहिली मेख डाउनलोडमध्येच असते. फायरफॉक्सच्या पानावरचे मोठे बटण दाबले की विंडोजवर येते ती अगदी लहान फाइल. खरा ब्राउझर ती चालवल्यावर नेटवरून आणते. खानापुरात किंवा बेळगावात ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन नंदगडला आल्यावर रेंज नसेल तर हाती काहीच लागत नाही. म्हणून मोझिलाच्या 'सर्व भाषा व आवृत्त्या' या पानावरून पूर्ण इन्स्टॉलर घ्यावा. क्रोमचाही असा ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो. घेताना संगणक ३२ बिटचा की ६४ बिटचा हे विंडोजच्या 'सिस्टिम' पानावर पाहून घ्यावे. फायरफॉक्सच्या त्याच पानावर भाषांच्या यादीत मराठीही आहे. मेनू मराठीत असणे शाळकरी मुलांना बरे पडते. कॉलेजच्या मुलांना मात्र इंग्रजी मेनूच सोयीचे, कारण प्रात्यक्षिकांच्या पुस्तकांत आणि चित्रफितींत तीच नावे येतात. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात जिओजेब्रा, सायलॅब, पायथन यांवरचे पाठ आहेत आणि त्यांतील अनेकांना मराठी निवेदन आहे. पडद्यावर दिसणारे मेनू मात्र इंग्रजीतच असतात.

बसवून झाल्यावर संगणकाचे घड्याळ पाहावे. हे किरकोळ वाटते, पण जुन्या संगणकांवर सर्वाधिक गोंधळ यानेच होतो. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असेल तर प्रत्येक वेळी लाईट गेली की तारीख काही वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध असते. संगणकाची तारीख त्या मुदतीबाहेर गेली की ब्राउझर पान उघडायलाच नकार देतो, किंवा पान उघडते पण दुसऱ्या संकेतस्थळावरून येणारे मॅथजॅक्स अडते आणि सूत्रांऐवजी तिरप्या रेघा, महिरपी कंस यांनी भरलेला लाटेकचा मजकूर दिसतो. दोष ब्राउझरचा समजून तो पुन्हापुन्हा बसवला जातो. बॅटरी बदलून तारीख लावली की काम भागते.

त्यानंतरचा भाग फॉन्टचा, आणि हा सविस्तर समजून घेण्यासारखा आहे. सूत्रातील कंस आतल्या अपूर्णांकाएवढा उंच व्हावा, वर्गमूळाची रेघ संपूर्ण राशीवर ताणली जावी, घात किती वर आणि किती लहान असावा, याची मापे ब्राउझर स्वतः ठरवत नाही. ती गणिती फॉन्टच्या पोटातील एका खास तक्त्यात असतात. असा तक्ता असलेला फॉन्ट संगणकावर नसेल तर सूत्र वाचता येते, पण कंस बुटके राहतात आणि मुळाचे चिन्ह राशीपासून सुटे दिसते. विंडोजवर व्हिस्टापासून कॅम्ब्रिया मॅथ हा फॉन्ट आपोआप येतो, त्यामुळे तिथे सहसा अडत नाही. लिनक्सवर लॅटिन मॉडर्न मॅथ किंवा स्टिक्स टू मॅथ बसवून घ्यावा. स्टिक्स हा वैज्ञानिक प्रकाशकांनी एकत्र येऊन तयार करून घेतलेला आणि सर्वांना मोफत दिलेला फॉन्ट आहे. फायरफॉक्सच्या फॉन्ट सेटिंगमध्ये लिपींच्या यादीत 'गणित' असाही एक पर्याय असतो. तिथे हा फॉन्ट निवडता येतो.

याच जागी दोन सेटिंगे तपासावीत. 'पानांना स्वतःचे फॉन्ट वापरू द्या' ही खूण चालू असली पाहिजे, कारण मॅथजॅक्स आपले फॉन्ट बरोबर घेऊन येते आणि ते अडवले तर चिन्हे विस्कटतात. दुसरे म्हणजे किमान अक्षर आकार. डोळ्यांना त्रास नको म्हणून कोणी तो वाढवून ठेवलेला असतो आणि मग घातांकही पायाएवढाच मोठा दिसू लागतो. दोनचा तिसरा घात आणि तेवीस यांत फरक करणे कठीण होते. अक्षर मोठे हवे असेल तर किमान आकार वाढवू नये, पान झूम करावे. झूममध्ये सगळे प्रमाणात वाढते.

मराठी पानाचा प्रश्न याला जोडूनच येतो. गणिती फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे नसतात. 'क्षेत्रफळ = पाया × उंची' असे सूत्र लिहिले की ब्राउझर चिन्हे गणिती फॉन्टमधून आणि शब्द देवनागरी फॉन्टमधून घेतो. विंडोजवर तो निर्मला किंवा मंगल असतो; लिनक्सवर नोटो किंवा लोहित बसवावा लागतो. एकट्या रोमन अक्षराला मॅथएमएल आपोआप तिरपे करते, देवनागरी अक्षर मात्र सरळच ठेवते. ते योग्यही आहे, कारण तिरपी देवनागरी वाचायला त्रासदायक असते. पानाच्या सुरुवातीला यूटीएफ-८ हे संकेतन जाहीर केलेले नसेल तर संपूर्ण मराठी मजकुराची जागा निरर्थक चिन्हे घेऊ शकतात. बेळगाव-खानापूर भागात आणखी एक अडचण भेटते: डीटीपीच्या दुकानांत श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप करून घेतलेल्या प्रश्नपत्रिका. त्यातला मजकूर ब्राउझरच्या पानात चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण ती मुळात युनिकोड नव्हेच. ब्राउझरची कोणतीही सेटिंग यावर उपाय नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो आणि बदलल्यावर जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावी लागतात.

आकृती हलत नसेल तर संशय जावास्क्रिप्टवर घ्यावा. ब्राउझरमध्ये ती मुळात चालूच असते, पण जाहिराती किंवा स्क्रिप्ट अडवणाऱ्या जोडण्या तिला थांबवतात. सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे गणितासाठी वेगळे प्रोफाइल करणे. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्हींत तशी सोय आहे. त्या प्रोफाइलमध्ये एकही जोडणी घालू नये आणि 'ब्राउझर बंद करताना सगळा डेटा पुसा' हा पर्यायही लावू नये. अनेक सरावाची पाने विद्यार्थ्याने कुठवर सोडवले ते ब्राउझरच्याच साठ्यात ठेवतात; खासगी खिडकीत किंवा रोज पुसल्या जाणाऱ्या प्रोफाइलमध्ये ते काम संध्याकाळी नाहीसे होते. त्रिमिती पृष्ठे फिरवून पाहायची असतील तर वेबजीएल ही ब्राउझरची त्रिमिती चित्रे काढण्याची सोय लागते. त्यासाठी सेटिंगमध्ये हार्डवेअरची मदत घेण्याचा पर्याय चालू ठेवावा आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करावा.

नेटशिवाय काम चालवण्याची खरी परीक्षा यापुढे सुरू होते. पाने, आकृत्या, जिओजेब्रा, मॅथजॅक्स हे सगळे डिस्कवर उतरवून ठेवता येते आणि ठेवावेच. मॅथजॅक्सने स्वतःचा सार्वजनिक सर्व्हर एप्रिल २०१७ मध्ये बंद केला, तेव्हा तो पत्ता लिहून ठेवलेल्या असंख्य पानांच्या लेखकांना नवा पत्ता घालावा लागला. पानाच्या शेजारच्या फोल्डरात साधनाची प्रत असेल तर अशा बदलांची झळ लागत नाही. पण उतरवलेल्या पानावर दोनदा क्लिक करून ते उघडले तर कित्येकदा मजकूर दिसतो आणि बाकीचे निर्जीव राहते. कारण सुरक्षेचे आहे. डिस्कवरून उघडलेल्या पानाला शेजारची फाइल वाचू देणे धोक्याचे ठरू शकते, म्हणून क्रोम ते करू देत नाही. फायरफॉक्स पूर्वी करू देत असे. जुलै २०१९ मधील ६८ व्या आवृत्तीपासून त्यानेही ते बंद केले.

ही सुरक्षा सैल करणाऱ्या छुप्या सेटिंगा सांगितल्या जातात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. सरळ उपाय म्हणजे त्याच संगणकावर छोटा सर्व्हर चालवणे. पायथन बसवलेले असेल तर त्यात असा सर्व्हर तयारच असतो. पानांच्या फोल्डरात जाऊन एका ओळीची आज्ञा दिली की तो सुरू होतो आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, ८००० हा पत्ता घातला की तीच पाने जिवंत होतात. यात इंटरनेट कुठेच नसते. शिक्षकाच्या संगणकावर हा सर्व्हर चालवून बाकीचे संगणक केबलने किंवा साध्या वायफाय राउटरने जोडले तर सगळ्या वर्गाला एकाच ठिकाणची पाने मिळतात, मुलांच्या मोबाइलवरसुद्धा. विंडोजचा फायरवॉल पहिल्यांदा परवानगी विचारतो, तेव्हा खासगी नेटवर्कसाठी होकार द्यावा. शिक्षकाचा संगणक आणि राउटर हे दोनच यूपीएसवर असले तरी लाईट गेल्यावर मोबाइलवर तास पुढे चालू राहतो. एक मर्यादा लक्षात ठेवावी: काही नवी साधने फक्त सुरक्षित पत्त्यावर किंवा लोकलहोस्टवरच पूर्ण ताकदीने चालतात. ती शिक्षकाच्या संगणकावर चालतील, पण शेजारच्या संगणकावरून त्याच सर्व्हरकडे मागितली तर अडतील.

प्रत्यक्ष आकडेमोड करणाऱ्या ज्युपिटर वह्यांची रचनाही अशीच आहे. २००१ मध्ये फर्नांडो पेरेझ यांनी सुरू केलेल्या आयपायथनमधून २०१४ मध्ये ज्युपिटर वेगळे झाले. त्यात ब्राउझर ही फक्त वही असते. गणित पाठीमागे पायथन करते, आणि दोघे त्याच संगणकावर बोलत असल्यामुळे नेट लागत नाही. उबुंटूवर मात्र एक हमखास अडचण येते. २२.०४ पासून उबुंटूचा फायरफॉक्स स्नॅप या बंदिस्त पद्धतीने बसतो आणि त्याला घरच्या फोल्डरातील लपवलेल्या जागा वाचता येत नाहीत. ज्युपिटर आपली आरंभीची फाइल नेमकी अशाच जागी ठेवते, म्हणून 'फाइल वाचण्यास मनाई' असा संदेश येतो. टर्मिनलमध्ये दिसणारा लोकलहोस्टचा लांब पत्ता नक्कल करून ब्राउझरमध्ये चिकटवला की वही उघडते. कायमचा उपाय हवा असेल तर मोझिलाकडचा नेहमीचा फायरफॉक्स बसवावा. पायथन वेगळे बसवणे शक्य नसेल तिथे वेबअसेंब्लीच्या आधाराने ब्राउझरच्या आतच पायथन चालवणारी पायोडाइड ही वाट आहे. मोझिलात २०१८ मध्ये तिची सुरुवात झाली. पहिल्या वेळी ती बरेच मेगाबाइट उतरवते आणि कमी रॅमच्या संगणकाला जड जाते. चार जीबीपेक्षा कमी रॅम असेल तर साधे ज्युपिटरच बरे.

सगळे झाल्यावर चाचणीसाठी एकच पान करून ठेवावे. त्यात वर्गसमीकरणाच्या उकलीचे सूत्र मॅथएमएलमध्ये आणि तेच मॅथजॅक्समध्ये लिहावे: मुळाची रेघ संपूर्ण विवेचकावर पोहोचते का आणि अपूर्णांकाची रेघ बरोबरच्या चिन्हाच्या पातळीत येते का, हे दोन्हींत पाहावे. खाली 'क्षेत्रफळ' आणि 'त्रिज्या' हे जोडाक्षरांचे शब्द असलेले सूत्र, एक ओढता येणारा त्रिकोण आणि शेजारच्या फाइलमधून आकडे घेऊन काढलेला आलेख असावा. पहिली ओळ बिघडली तर ब्राउझर जुना किंवा फॉन्ट नाही. दुसरी बिघडली तर मॅथजॅक्सची प्रत सापडत नाही. शब्द तुटले तर देवनागरी फॉन्ट किंवा संकेतन. त्रिकोण अडला तर जावास्क्रिप्ट. फक्त आलेख आला नाही तर पान सर्व्हरविना उघडले आहे. ही चाचणी नेटची केबल काढून करावी. केबल लावून केलेल्या चाचणीत एखादा भाग गुपचूप बाहेरून आलेला असतो आणि ते कळते ते नेमके पावसाळ्यात, वर्ग भरलेला असताना.

तयार झालेला एक संगणक हाच पुढच्या संगणकांचा नमुना ठरतो. पूर्ण इन्स्टॉलर, दोन-तीन फॉन्ट, पायथन, पानांचे फोल्डर आणि चाचणीचे पान एका पेनड्राइव्हवर ठेवले की दुसरा संगणक लावायला नेट लागत नाही. ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या मधूनमधून बेळगावहून आणाव्यात, आणि त्या बसवल्यावर हेच पान पुन्हा उघडून पाहावे.